किरायेदार ठेवताय? आधी कागद कोणता ते ठरवा

दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतो. ‘देशभर नवा भाडे कायदा लागू, दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेतलं तर कारवाई, करार नोंदवला नाही तर दंड.’ नागपुरात त्रिमूर्तीनगर, हिंगणा रोड, नंदनवनकडच्या खोल्या नव्या सत्रातल्या पोरांनी भरायच्या दिवसांत असा मेसेज आला, की वरचा मजला किरायाने देणारं घर हमखास धास्तावतं. मग कोणी सांगतं, नोटरीचा कागद पुरे. दुसरा म्हणतो, नोटरी काही कामाची नाही. तिसरा सांगतो, बारा वर्षं ठेवला की घर गेलंच समजा. या तिघांतला दुसरा बरोबर आहे.

मेसेजात खरं किती

दोन महिन्यांच्या डिपॉझिटचं कलम ‘आदर्श भाडेकरू कायदा’ या मसुद्यातलं आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तो २ जून २०२१ रोजी मंजूर केला आणि राज्यांकडे पाठवला. हा नमुना आहे. एखाद्या राज्याच्या विधिमंडळाने त्यावर आपला कायदा केल्याशिवाय तिथल्या घरमालकाला तो बांधत नाही. महाराष्ट्रात घरमालक आणि भाडेकरू यांचं नातं ठरतं ते ‘महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९’ प्रमाणे. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे आणि त्यात डिपॉझिटवर मर्यादा नाही.

नोंदणीची सक्ती मात्र खरी आहे, आणि ती नवी नाही. याच १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ मध्ये ती पहिल्यापासून आहे. इतकी वर्षं लोकांनी तिकडे कानाडोळा केला, एवढंच.

परवानगी वेगळी, भाडेपट्टा वेगळा

घर दुसऱ्याला राहायला देण्याचे कायद्यात दोन मार्ग आहेत. पहिला भाडेपट्टा. यात जागेतला एक हक्क किरायेदाराकडे जातो. दुसरा ‘लिव्ह अँड लायसन्स’, म्हणजे ठरावीक काळ जागा वापरण्याची नुसती परवानगी. लग्नासाठी मंगल कार्यालय घेतो तसं. दोन दिवस दारावर आपल्या घरच्यांची नावं झळकतात, स्वयंपाकघर आपल्या आचाऱ्याच्या ताब्यात असतं, पण हॉल आपला झाला असं कोणी मानत नाही, आणि तिसऱ्या दिवशी सामान उचलावंच लागतं.

घरमालकाच्या दृष्टीने सगळा फरक शेवटच्या दिवशी पडतो. भाडेपट्ट्यावरचा किरायेदार नियमित किराया देत असेल, तर त्याला बाहेर काढायला कायद्यात दिलेल्या ठरावीक कारणांपैकी एखादं न्यायालयात सिद्ध करावं लागतं. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या जागेत ‘मुदत संपली’ हे एकच कारण पुरतं. म्हणून आज राहायचं घर देणाऱ्याने लिव्ह अँड लायसन्सच करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘अकरा महिन्यांचाच आहे, नोंदवायची काय गरज?’

हा गैरसमज १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आला. त्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं बंधनकारक आहे. म्हणून अकरा महिन्यांची पळवाट निघाली. महाराष्ट्रात ती पळवाट कलम ५५ ने बुजवली. इथे भाडेपट्टा असो की लायसन्स, अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा, तो लेखीच हवा आणि नोंदलेलाच हवा. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावर. चुकली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

शिक्षेपेक्षा घातक त्याच कलमातली दुसरी ओळ आहे. नोंदलेला कागद नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल किरायेदार जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. तो म्हणाला, ‘मला कायमचा भाडेकरू म्हणून ठेवलं, किराया पाच हजार ठरला,’ तर ते तसं नव्हतं हे दाखवण्याचं ओझं तुमच्यावर.

कोर्टासमोरच्या टायपिस्टकडे स्टॅम्पपेपरवर करार छापायचा आणि खाली नोटरीचा गोल शिक्का घ्यायचा, ही आपल्याकडची रूढ पद्धत. पण नोटरी फक्त सही कोणी केली याची साक्ष देतो. नोंदणी होते ती दुय्यम निबंधकाकडे. नोटरीचा कागद कितीही जाड असला तरी कलम ५५ पुढे तो नोंदलेला करार ठरत नाही.

खर्च किती आणि गाडी कुठे अडते

मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का आहे. एकूण रक्कम म्हणजे पूर्ण मुदतीचा किराया, परत न मिळणारी रक्कम असल्यास ती, आणि परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज.

समजा किराया १२,०००, डिपॉझिट ३०,०००, मुदत अकरा महिने. किराया झाला १,३२,०००. डिपॉझिटवरचं अकरा महिन्यांचं व्याज २,७५०. बेरीज १,३४,७५०, तिचा पाव टक्का म्हणजे ३३७ रुपये. प्रत्यक्षात ही रक्कम वरच्या बाजूला पूर्ण करून घेतात. त्यावर महापालिका हद्दीत १,००० रुपये नोंदणी फी, ग्रामीण भागात ५००, आणि दस्त हाताळणीचं किरकोळ शुल्क. बाकी पैसे लागतात ते घरी मशीन घेऊन येणाऱ्या एजंटला.

नोंदणी घरबसल्या होते. नोंदणी विभागाच्या पोर्टलवर जिल्हा निवडायचा, मालमत्तेचा आणि दोन्ही बाजूंचा तपशील, अटी भरायच्या, शुल्क ऑनलाइन भरायचं. मग मालक, किरायेदार आणि दोन ओळख पटवणारे अशा चौघांचा वेबकॅमवर फोटो आणि आधारशी जुळणारा अंगठा. दस्त दुय्यम निबंधकाकडे जातो, तो तपासून नोंद करतो. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त सादर व्हावा लागतो.

अडतं तीन ठिकाणी. एक, पत्ता. आपण सांगतो ‘प्लॉट नंबर अमुक, तमुक लेआउट’. रेकॉर्डवर असतो मौजा आणि खसरा क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक. करपावती आणि खरेदीखत समोर ठेवूनच फॉर्म भरा. दोन, नाव. घर वारलेल्या वडिलांच्या नावावर, करारावर सही मुलाची. आधी वारसांची नावं चढवा. आई आणि भावंडं हिस्सेदार असतील तर त्यांच्याही सह्या घ्या, नाहीतर मुखत्यारपत्र. पुढे वाद झाला की किरायेदाराचा वकील पहिलं बोट इथेच ठेवतो. तीन, अंगठा. म्हातारपणी किंवा हाताने कष्ट करणाऱ्यांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात आणि मशीन जुळवत नाही. मग सरळ दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन दस्त नोंदवा.

मुदत संपली आणि माणूस जात नाही

राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या घराला कलम २४ लागू होतं. मुदत संपताच ताबा द्यायचा. दिला नाही, तर घरमालक ‘सक्षम प्राधिकारी’ या अधिकाऱ्याकडे अर्ज करतो. समन्स मिळाल्यावर किरायेदाराला ३० दिवसांत शपथपत्रावर बचावाची परवानगी मागावी लागते. मागितली नाही किंवा मिळाली नाही, तर ताब्याचा आदेश होतो. लेखी करारात जे लिहिलंय ते इथे निर्णायक पुरावा मानलं जातं. मुदतीनंतर जितके दिवस तो राहील, तितक्या दिवसांची भरपाई कराराच्या दुप्पट दराने. आदेशावर अपील नाही. ९० दिवसांत पुनरीक्षण अर्ज करता येतो.

आठवड्याभरात घर मोकळं होतं, असं समजू नका. समन्स बजावायलाच वेळ जातो. पण साध्या दिवाणी दाव्यापेक्षा ही वाट बरीच आखूड आहे.

ही वाट बहुतेक वेळा मालकच बंद करून घेतो. करार जूनमध्ये संपतो, माणूस चांगला असतो, किराया फोनवर येत राहतो, कोणी नवा कागद करत नाही. असं दीड वर्ष गेलं की किरायेदाराला म्हणायला जागा मिळते: जुना करार संपला, त्यानंतर तोंडी नवा भाडेपट्टा झाला आणि त्याचा किराया मालकाने घेतला. नवा कागद नसल्याने पुन्हा कलम ५५ त्याच्या बाजूला. म्हणून जुनी मुदत संपण्याआधी नवा करार नोंदवा, नाहीतर सुरुवातीलाच दोन किंवा तीन वर्षांचा करा आणि त्यात दरवर्षीची वाढ व एक महिन्याच्या नोटिसीचं कलम घाला. करार संपल्यावर तो निघाला नाही, तर येणारी रक्कम ‘किराया’ म्हणून घेऊ नका. लेखी कळवा, की ही मुदतीनंतरच्या वापराची भरपाई म्हणून, हक्क राखून स्वीकारली.

‘लाईट कापली की आपोआप जाईल’

जाणार नाही, उलट तुम्हीच अडकाल. वीज, पाणी, जिन्यातला दिवा, संडासची वाट या अत्यावश्यक सेवा योग्य कारणाशिवाय तोडणं कलम २९ खाली गुन्हा आहे. कुलूप बदलणं, सामान बाहेर ठेवणं हेही तसंच अंगाशी येतं. ताबा जबरीने काढलेल्या माणसाला न्यायालय तो परत देऊ शकतं. पोलिस ठाण्यात ‘किरायेदार निघत नाही’ म्हणून गेलात तर हा दिवाणी मामला आहे असं सांगतील, आणि ते बरोबरच आहे.

पोलिसांकडे जायचं ते सुरुवातीला, किरायेदाराची माहिती द्यायला. पोलिस आयुक्तालयांचे तसे आदेश निघतात आणि ते न पाळणाऱ्या घरमालकावर गुन्हा दाखल होतो. माहिती ऑनलाइन भरता येते. आधार, फोटो, मूळ गावचा पत्ता आणि कामाचं किंवा कॉलेजचं ठिकाण एवढं जवळ ठेवा, पोच जपून ठेवा.

‘बारा वर्षं राहिला की घर त्याचं’

हा बारा वर्षांचा नियम आहे तो मालकाच्या परवानगीविना, उघडपणे, स्वतःला मालक म्हणवत जागा बळकावून बसलेल्यासाठी. किरायेदार तुमच्या परवानगीने राहतो. तो वीस वर्षं राहिला तरी त्या परवानगीतून मालकी उगवत नाही. धोका असतो तो कागदच नसला तर. मग परवानगी दिली होती हे दाखवायला पावत्या, बँकेतल्या नोंदी, साक्षीदार धुंडाळत बसावं लागतं.

महाल-इतवारीतला जुना किरायेदार, आणि दुकान

वर सांगितलेलं सगळं नव्या लायसन्सबद्दल झालं. महाल, इतवारी, सीताबर्डीतल्या जुन्या वाड्यांमध्ये आणि चाळींत २००० च्या आधीपासून बसलेल्या किरायेदारांची गोष्ट निराळी. विदर्भात तेव्हा १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाडचा भाडे नियंत्रण आदेश चालत होता; जागा सोडण्याची नुसती नोटीस द्यायलाही आधी भाडे नियंत्रकाची परवानगी लागायची. १९९९ च्या कायद्याने ती पायरी गेली, संरक्षण राहिलं. किराया वर्षाला ४ टक्क्यांनी वाढवता येतो. थकला तर ९० दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत त्याने थकबाकी १५ टक्के व्याजासह आणि खर्चासह भरली तर ताब्याचा हुकूम होत नाही. मालकाची स्वतःची खरी गरज, परवानगीविना पोटभाडेकरू ठेवणं, जागा सहा महिने विनाकारण बंद ठेवणं ही कारणं उरतात, ती पुराव्याने सिद्ध करायची. असा वाडा विकत घेणाऱ्याने वाड्याबरोबर हे किरायेदारही विकत घेतले असं धरूनच भाव करावा.

दुकानाबाबत एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते: कलम २४ ची आखूड वाट फक्त राहण्याच्या जागेला आहे. दुकान किंवा गाळा लायसन्सवर दिला आणि मुदतीनंतर माणूस हटला नाही, तर रीतसर दावा लावावा लागतो. म्हणून गाळ्याला डिपॉझिट जास्त घेतात.

मीटर, कुलर आणि डिपॉझिट

कोर्टापर्यंत जाणारी प्रकरणं थोडी. रोजची कटकट असते विजेची आणि भिंतींची.

वर-खाली दोन कुटुंबं आणि महावितरणचं मीटर एकच, ही नागपूरच्या कितीतरी घरांची रचना. मालक आत सब-मीटर लावतो आणि युनिट मोजून पैसे घेतो. यात दोघांचंही नुकसान होतं, कारण घरगुती दरात पहिली १०० युनिटं सर्वांत स्वस्त आणि १०१ ते ३०० चा दर बराच चढा. दोन घरांनी प्रत्येकी १५० युनिटं जाळली तर वेगळ्या मीटरांवर ३०० पैकी २०० युनिटं स्वस्त दरात बसतात. एकाच मीटरवर फक्त १००. उन्हाळ्यात आकडे मोठे होतात तेव्हा एकत्र मीटर पुढच्या, आणखी महाग टप्प्यात जातं आणि मग ‘तुमच्या एसीमुळे आमचं बिल वाढलं’ हा वाद सुरू होतो. वरच्या मजल्याला वेगळं दार आणि वेगळं स्वयंपाकघर असेल तर दुसऱ्या मीटरसाठी अर्ज करून टाका.

किरायेदार मेमध्ये जातो, मे महिन्याचं बिल जूनमध्ये येतं, आणि ते वर्षातलं सर्वांत मोठं असतं. चावी घेताना मीटरचं रीडिंग दोघांसमोर फोटो काढून लिहा, शेवटच्या बिलापासून किती युनिटं झाली ते मोजा, तेवढे पैसे डिपॉझिटमधून धरा आणि बाकी लगेच द्या. थकबाकी राहिली तर महावितरण ती मीटर ज्याच्या नावावर त्याच्याकडे मागतं.

आता कुलर. पारा ४५ च्या पुढे जाणाऱ्या गावात कुलरला नाही म्हणता येत नाही, तेव्हा त्याची सोय मालकानेच करावी. खिडकीबाहेर लोखंडी अँगलचं स्टँड हवं. पाणी भरलेल्या मोठ्या कुलरचं वजन खिडकीच्या ग्रिलला टांगण्यासारखं नसतं. मोठा कुलर दिवसाला पाच-सहा बादल्या पाणी सहज पितो. टाकी भरून वाहिली, की पाणी खिडकीच्या खालच्या भिंतीत मुरतं. दोन उन्हाळ्यांत आतला पुट्टीचा थर फुगून पापुद्रे सुटतात, आणि बोअरचं जड पाणी असेल तर पांढरे क्षारही फुलतात. टाकीत फ्लोट वॉल्व्ह बसवा आणि ओव्हरफ्लोची नळी सरळ नालीपर्यंत न्या. किरकोळ खर्चाचं काम आहे, रंगाचा खर्च वाचतो. कुलरचा प्लग तीन पिनांचाच आणि अर्थिंग चालू असलेल्या सॉकेटमध्ये. घराच्या मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा, म्हणजे करंट गळला की पुरवठा क्षणात बंद होतो. ओल्या हाताने कुलरच्या पत्र्याला स्पर्श होऊन माणसं दगावल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात वाचायला मिळतात, आणि वायरिंग ही मालकाची बाब आहे.

डिपॉझिटचे वाद सुटतात ते आत येण्याच्या दिवशी. पंखे किती, गिझर कोणता, चाव्या किती, कोणत्या भिंतीवर आधीच ओल, हे एका कागदावर, खोलीगणिक फोटोंसह, दोघांच्या सह्यांनी. रंगाचे पैसे कापणार असाल तर रक्कम करारातच लिहा. वर्षभराच्या साध्या वापराने भिंत मळते, त्याचे पैसे कापणं योग्य नव्हे. खिळ्यांनी चाळण केली तर कापा.

‘किराया येईल म्हणून फ्लॅट घेऊन ठेवावा का?’

बेसा, मनीषनगर, बेलतरोडीकडच्या फ्लॅट स्कीम बघताना बिल्डरचा माणूस ‘हप्ता किरायातून निघेल’ म्हणतो. हिशेब करून पाहू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे घाला. फ्लॅट सगळा खर्च धरून ४० लाख, किराया १४,०००. वर्षाचे होतात १,६८,०००. एक महिना रिकामा गेला, दलालाला एक महिन्याचा किराया दिला: २८,००० गेले. मेंटेनन्स महिना १,५०० म्हणजे १८,०००. मालमत्ता कर ६,०००. नळ, रंग, मोटर वगैरे १२,०००. उरले १,०४,०००; ४० लाखांवर २.६ टक्के. आणि ३० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं तर हप्ता महिना २६,००० च्या आसपास. किरायातून निम्म्याहून थोडाच जास्त निघतो, तोही खर्च वजा न करता. पुढे भाव वाढेल या भरवशावर घ्यायचं असेल तर घ्या, पण तेव्हा तुम्ही भाववाढीवर पैज लावताय, किराया हा त्यातला चिल्लर भाग आहे.

प्राप्तिकरात किरायातून भरलेला मालमत्ता कर वजा होतो, उरलेल्याच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते. दुरुस्ती, रंग, दलाली त्या ३० टक्क्यांतच आली, वेगळी मिळत नाही. गृहकर्जाचं व्याजही वजा होतं, मात्र नव्या करपद्धतीत त्यातून होणारा तोटा पगारातून वजा करता येत नाही.

घेण्याआधी कागद. नागपुरात गुंठेवारीतले, नियमित न झालेले लेआउट शेकड्यांनी आहेत, तेव्हा जमिनीचं आरएल (नियमितीकरणाचं पत्र), मंजूर नकाशा आणि महारेरा क्रमांक पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका. बऱ्याच स्कीममध्ये सहकारी सोसायटी नसते, १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालचं अपार्टमेंट आणि त्याचे नियम सांगणारा दस्त, डीड ऑफ डिक्लेरेशन, असतो. सोसायटी असेल तर फ्लॅट किरायाने दिल्याबद्दल ती सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त बिनभोगवटा शुल्क घेऊ शकत नाही. अपार्टमेंटमध्ये काय चालतं ते त्या डीडमध्ये वाचा.

फ्लॅट परदेशी राहणाऱ्या मुलाच्या नावावर असेल तर आणखी एक. कराच्या दृष्टीने तो अनिवासी असला, की किराया कितीही कमी असो, किरायेदाराने त्यातून ३१.२ टक्के कर कापून सरकारकडे भरायचा असतो, आणि त्यासाठी टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक, काढायचा असतो. घरमालक भारतात राहत असेल तर साध्या किरायेदाराला ही कटकट महिना ५०,००० च्या वरच्या किरायालाच, तीही २ टक्क्यांची. कमी दराने कपातीचं प्रमाणपत्र मुलाला प्राप्तिकर खात्याकडून काढता येतं. ३१ टक्के कापायचे आणि टॅनही काढायचा, हे ऐकल्यावर बरेच किरायेदार दुसरा फ्लॅट बघतात.